मीठ, बर्फ आणि काकांचा खांदा

आइस्क्रीमला बर्फ लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. मीठ लागतं म्हटलं की शहरातली आजची मुलं आपल्या तोंडाकडे बघत राहतात. पण दांडा फिरवून आइस्क्रीम करायचा जो जुना लाकडी बादलीचा पॉट असतो, त्यातला खरा कारभारी मीठच. दुधात साखर पडली की ते शून्य अंशाला गोठायचं साफ नाकारतं; आणखी दोन-तीन अंश खाली नेल्याशिवाय ते बधत नाही. आणि वितळता बर्फ, कितीही मोठी लादी आणा, आपलं शून्य काही सोडत नाही. या दोन हट्टी पक्षांत मीठ मध्यस्थी करतं. वर जाडं मीठ पडलं की बर्फ शून्याच्या खालीही वितळू लागतो, आणि वितळायचं म्हणजे ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता कुठून तरी उचलायची. ती तो डब्यातल्या दुधाकडून ओरबाडून घेतो. बर्फ आणि मीठ यांचं प्रमाण अगदी नेमकं जमलं तर ते खारं पाणी उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. घरच्या बादलीत एवढा कडाका पडत नाही. पण बोट बुडवलं तर ते आपलंच आहे ना, अशी शंका यावी इतपत पडतो.

आमच्या हळर्ण गावाला मिठाची ददात कधीच नव्हती. आमच्या किल्ल्याच्या पायथ्याशी वाहणारी शापोरा नदी पुढे समुद्राकडे निघते, तेव्हा वाटेत आगरवाड्याची मिठागरं लागतात. उन्हाळ्यात तिथे मिठाचे ढीग लागतात, त्याच सुमारास इकडे मानकुराद आंबा उतरतो. म्हणजे हंगामही जुळलेला. घरात आगरचं मीठ गोणीने पडलेलं, गोठ्यात गाय, माळ्यावर गवतात आंबे, परड्यात माड. आइस्क्रीमला लागणारं झाडून सगळं आम्हाला घरबसल्या मिळत होतं. नव्हता तो फक्त बर्फ.

तो म्हापशाहून आणावा लागे. नुस्तेवाले ज्या कारखान्यातून बर्फ उचलायचे, तिथूनच. त्यामुळे लादीला बांगड्यांचा एक अस्पष्ट वास असायचा आणि आजीला तेवढं पुरे होई. बर्फ डब्याच्या बाहेर असतो, आइस्क्रीमला तो शिवतसुद्धा नाही, हे तिला दर मे महिन्यात नव्याने समजावून सांगावं लागे, आणि दर मे महिन्यात ते तिला पटत नसे. शुक्रवारचा बाजार उरकून भाई लादी घेऊन निघायचा. लादी भाताच्या तुसात घोळवलेली, वर गोणपाट, त्यावर सुंभाची दोरी. बसमध्ये ती पायाशी ठेवली की शेजारचे लोक आपापल्या चपला उचलून घेत. कंडक्टर लादीचं अर्धं तिकीट फाडायचा. हळर्णला उतरेपर्यंत ती खरोखरच अर्ध्या तिकिटाची झालेली असायची.

भाईला यावरून घरात बोलणी बसत, पण जगाच्या हिशेबात त्याची कामगिरी अगदीच वाईट नव्हती. १८३३ साली फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने बॉस्टनहून ‘टस्कनी’ नावाचं जहाज बर्फ भरून कलकत्त्याला धाडलं. तळ्यांतून कापलेला १८० टन बर्फ चार महिने समुद्रात होता, दोनदा विषुववृत्त ओलांडून आला, आणि कलकत्त्याला १०० टनांच्या आसपास शिल्लक निघाला. त्याने लाकडाचा भुसा वापरला होता, आमच्याकडे तूस. हे मोठेपणी वाचल्यावर मी भाईला सांगितलं. तो म्हणाला, “त्याच्या जहाजात माणसं चढ-उतर करीत नव्हती. बसचं दार उघडं राहतं.” मुद्दा बिनतोड होता.

पॉट मूळचा आमच्या घरचा नव्हे. पेडणे तालुक्यातल्या कितीतरी घरांप्रमाणे आमच्याही घराची एक फांदी मुंबईला गिरगावात होती, आणि तिकडच्या मंडळींनी नवी काहीतरी वस्तू घेतली की जुनी गावाला रवाना होई. मर्फीचा रेडिओ तसाच आला, मिक्सर तसाच आला, आणि पॉटही. उभ्या लाकडी फळ्यांची, लोखंडी कड्यांनी आवळलेली बादली. तिच्यात मावणारा, झाकणाचा धातूचा उंच डबा. डब्याच्या आत लाकडी पात्यांचा पंखा. आणि वर आडवी पट्टी, तिच्यावर दातेरी चाकं आणि दांडा. दांडा फिरवला की डबा बर्फात गरगरतो आणि आतला पंखा डब्याच्या भिंतीवर धरलेला बर्फाचा पापुद्रा खरवडून पुन्हा दुधात ढकलतो. तो खरवडला नाही तर कडेला खडक आणि मध्ये दूध अशी स्थिती होते. फिरत राहिला तर कण बारीक राहतात, थोडी हवा शिरते आणि चमचा आत जातो. सगळी विद्या एवढीच.

ही विद्या एका बाईची. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ साली असल्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे १८४८ मध्ये विल्यम यंग नावाच्या गृहस्थाने त्यात सुधारणा करून आपलं पेटंट काढलं. यंत्राच्या नावात त्याने जॉन्सनबाईंचं नाव राहू दिलं, हा त्याचा भलेपणा. आमच्या घरी एवढाही भलेपणा पाळला जात नसे, ते पुढे येईलच.

पॉट माळ्यावरून उतरवायचा तो आइस्क्रीमच्या आदल्या दिवशी. अकरा महिन्यांत लाकूड इतकं सुकलेलं असे की फळ्यांच्या फटींतून पलीकडचं दिसायचं. म्हणून बादली रात्रभर विहिरीजवळच्या दोणीत बुडवून ठेवायची. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. घरातल्या मुलांना उद्याचा बेत कोणी सांगत नसे. दोणीत बादली दिसली की कळायचं. त्या रात्री आम्ही न सांगता लवकर झोपत असू, आणि हा परिणाम दुसऱ्या कुठल्याही उपायाने साधलेला मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून काकी चुलीपुढे. दूध आटवायचं म्हणजे नुसतं उकळायचं नाही. कडेची साय पुन्हा पुन्हा आत मोडायची, तळ लागू द्यायचा नाही, आणि मे महिन्यात चुलीपुढून उठायचंही नाही. मग ते निववायचं. पूर्ण गार झाल्याशिवाय त्यात आंब्याचा रस घालायचा नाही, नाहीतर दूध फाटतं. मानकुरादाचा रस काढायचा, तो गाळायचा, साखर जिभेला जरा जास्तच वाटेल इतकी घालायची, कारण गार झाल्यावर जिभेला गोडी कमी लागते. एखाद्या वर्षी आंबा कमी असला तर नारळाचा रस आणि माडाचा गूळ. हे आइस्क्रीम आजीला मनापासून पसंत होतं, कारण तिच्या मते ते आइस्क्रीम नव्हेच, थंड मणगणं होतं. मणगण्याविरुद्ध तिची काही तक्रार नव्हती.

एवढं सगळं दुपारी तीनपर्यंत काकीने एकटीने उरकलेलं असे. तोवर घरातले पुरुष जेवून वामकुक्षी घेत. चारच्या सुमाराला ते उठत, तोंडावर पाणी मारीत, आणि म्हणत, “चला, आइस्क्रीम करूया.”

मग खळ्यात सगळा सरंजाम मांडला जाई. गोणपाटात लादी घालून कपडे धुवायच्या मोगरीने फोडायची. तुकडे फार मोठे राहिले तर डब्याला टेकत नाहीत, फार बारीक झाले तर लगेच पाणी. डबा बादलीत बसवायचा, भोवती बर्फाचा एक थर, मिठाची एक मूठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. वर गोणपाटाची चौघडी, आणि दांडा फिरू लागला की पॉट जागचा हलू नये म्हणून त्या चौघडीवर घरातलं सगळ्यात लहान मूल बसवायचं. या पदावर प्रत्येक जण कधी ना कधी काम केलेला आहे. प्रथम मोठा मान वाटतो. पाच मिनिटांनी तो मान खालून वर चढू लागतो.

पॉटचा मोठा गुण असा की आत काय चाललंय ते दिसत नाही. भात शिजला की नाही ते शीत चेपून कळतं, पाक दोन बोटांत ओढून कळतो, फोडणी कानाला कळते, करपलेलं तर शेजाऱ्यांनाही कळतं. इथे डोळा, नाक, कान, जीभ सगळी बिनकामाची. झाकण उघडून बघावं म्हटलं तर काठावरचं खारं पाणी आत शिरायची भीती. त्यामुळे “जालां काय?” हा प्रश्न दर दोन मिनिटांनी कोणीतरी विचारी आणि “आजून जावंक ना” हे उत्तर पूर्णपणे अंदाजपंचे दिलं जाई. कळायचं ते एकट्या दंडाला. सुरुवातीला दांडा इतका हलका फिरतो की हे यंत्र काही करतंय यावर विश्वास बसत नाही. दूध आत डुचमळतं, बर्फाचे तुकडे खडखडतात. बराच वेळ असंच. मग केव्हातरी खडखड कमी होते, डुचमळणं थांबतं, आणि दांड्यात एक जडपणा येतो. फिरवणारा चूप होतो. तो चूप झाला की बाकीचे पुढे सरकतात.

माझ्या मते घरातल्या मानापमानाची व्यवस्था याच जडपणावर उभी होती. दांडा हलका असतो तोवर तो पोरांच्या हाती. पोरांनी शंभर-शंभर फेरे मोजून पाळ्या लावायच्या, एकमेकांच्या मोजण्यावर भांडायचं, फेरे चोरायचे. दांडा जड होऊ लागला की पोरं बाजूला आणि भाईच्या वयाचे तरुण पुढे. आणि अगदी शेवटी, दांडा जेमतेम हलतोय, सगळ्यांचे खांदे भरून आलेत, अशा वेळी काका आरामखुर्चीतून उठत. काका मामलेदार कचेरीत होते. प्रकरण सगळ्या टेबलांवरून फिरून तयार होऊन आलं की शेवटी त्यावर सही कशी करायची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बनियन सारखा करून, खांद्यावर पंचा टाकून ते बसत, आणि तोंडाने आवाज न करता दहा-बारा फेरे असे काही फिरवत की खळ्यातली मांजरंसुद्धा थांबून बघत. मग ते हात उचलून म्हणत, “जालें.”

आइस्क्रीम गोठतं ते शेवटच्या काही मिनिटांत, हे खरं. पण त्या मिनिटांपर्यंत पोचवलं कोणी, हे कधी विचारायचं नाही असा दंडक होता. गावात कोणी विचारलं तर काका सांगत, “काल घरी आइस्क्रीम केलं मी.” यात खोटं असं काहीच नव्हतं.

तसं पाहिलं तर हळर्णला ही रीत जुनीच. आमचा किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांचा. १७४६ च्या मे महिन्यात पोर्तुगीज फौजेने तो घेतला. तेव्हाच्या व्हाइसरॉयाला, पेद्रू द आल्मैदाला, या विजयाबद्दल ‘मार्किस द अलोर्ना’ ही पदवी मिळाली. अलोर्ना म्हणजे आमचं हळर्ण. पोर्तुगालात अल्मैरीजवळ त्याची जी जमीनजुमल्याची वाडी होती तिलाही हेच नाव पडलं, आणि आज तिथल्या वाइनच्या बाटल्यांवर ते छापलेलं असतं. मे महिन्याच्या त्या उन्हात तटाला शिड्या लावणाऱ्या शिपायांची नावं कुठल्याच बाटलीवर नाहीत. काकांना मी एकदा हे सुनावलं. त्यांनी शांतपणे विचारलं, “मग वाइन बरी असते काय?”

काकांचं आणि पॉटचं एक प्रकरण मात्र सही करून मिटलं नाही. बादलीच्या बाजूला, वरच्या काठापासून थोडं खाली, एक भोक असतं. बर्फ वितळून खारं पाणी वाढलं की ते त्या भोकातून बाहेर पडावं, डब्याच्या झाकणापर्यंत चढू नये, यासाठी ते मुद्दाम ठेवलेलं असतं. काकांच्या मते ते मुंबईकरांनी पॉट जुना करून पाठवल्याचा पुरावा होता. एका वर्षी त्यांनी कोणाला न सांगता ते मेणाने आणि चिंध्यांनी उत्तम बुजवून टाकलं. त्या दिवशी खळ्यात एक थेंब सांडला नाही आणि काकांनी ते सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं. सांडलं नाही ते सगळं आत गेलं होतं. वाट्या भरल्या गेल्या, पहिला चमचा तोंडात गेला, आणि चौदा माणसं एकाच वेळी गप्प झाली. कोणी काही बोलेना, कारण काका घरात मोठे. शेवटी आजीच म्हणाली, “आंबा थोडा कच्चा आसतो तर वर्षाचा लोणचा जाल्ला.” त्या वर्षी गावात विचारणाऱ्यांना काका म्हणत, “काल पोरांनी आइस्क्रीम केलं.”

एरवी चांगलं जमलेलं आइस्क्रीम लगेच वाढायचं नसतं. ते अजून मऊ असतं. पंखा बाहेर काढायचा, झाकण लावायचं, खारं पाणी काढून नवा बर्फ आणि मीठ भरायचं, आणि वर गोणपाट घालून तासभर मुरू द्यायचं. पंख्याला चिकटलेलं आइस्क्रीम हे त्या दिवशीचं पहिलं आइस्क्रीम, आणि ते कोणी चाटायचं यावर वर्षभराची भांडणं निघत. न्याय काकी करायची. तिचा न्याय असा की, जो चौघडीवर बसला होता त्याला पंखा. खालून गारठलेल्याला वरून गार खायला द्यायचं, यात काय तर्क होता मला आजवर उमगलेलं नाही. पण निर्णयाविरुद्ध अपील नव्हतं. खारं पाणी जाई माडाच्या आळ्यात. माडाला मीठ मानवतं हे कोकणात कोणाला सांगावं लागत नाही.

आजी आइस्क्रीम खायची ती घरावर उपकार केल्यासारखी. तिच्या मते ते सर्दीचं मूळ. इतिहास तिच्या बाजूने आहे. १८३४ साली मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांनी आपल्याकडच्या मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं. नंतर यजमान आणि पाहुणे दोघेही सर्दीने बेजार झाले, आणि असली परदेशी थेरं केल्यावर दुसरं काय होणार, अशा अर्थाचं ‘मुंबई समाचार’ने त्यांना ऐकवलं. आजीने तो अंक वाचला असता तर फ्रेम करून देवघराशेजारी लावला असता. मात्र दुसरी वाटी ती कधी नाकारायची नाही. पहिल्या वाटीने घसा धरला तर दुसरीने मोकळा होतो, असं तिचं म्हणणं होतं, आणि वर पाणी पिऊ नये, हे पथ्य.

आता पर्वरीला राहणाऱ्या पुतण्याने मोटरचा पॉट आणून दिला आहे. बादली प्लॅस्टिकची, भिजवावी लागत नाही. भोक आहे, आणि त्याच्या बाजूला बुजवू नये असं काकीने खडूने लिहून ठेवलं आहे. बर्फ गावातच फ्रीजरमध्ये होतो. बटण दाबलं की यंत्र आपलं फिरत राहतं, आइस्क्रीम घट्ट झालं की मोटर घुरघुरते आणि अडते. चव? खरं सांगायचं तर तीच. जुन्या पॉटचं आइस्क्रीम काही वेगळंच लागायचं असं म्हणणाऱ्यांना मी विरोध करत नाही. पण ती काकीच्या दुधाची चव होती आणि काकी अजून दूध आटवते, त्यामुळे फरक पडायचं कारणच नाही. फरक पडला तो पुरुषांना. हात रिकामे झाल्याने सगळे मोटरभोवती खुर्च्या टाकून बसतात आणि तिला सूचना देतात. मीठ जरा कमी पडलंय. आता जड झाली बघ. बंद करा. नको, अजून पाच मिनिटं. मे महिन्यात वळिवाचा गडगडाट झाला आणि वीज गेली की त्यांच्या चेहऱ्यावर जी टवटवी येते ती बघण्यासारखी असते. मधलं झाकण काढून डबा हातानेच गोल फिरवू लागतात, एकमेकांना ढकलतात, फेरे मोजतात. सगळ्यांचे गुडघे गेलेले आहेत, खांदे मात्र अजून उत्सुक आहेत.

मागच्या उन्हाळ्यात डिचोलीचे व्याही आले होते. त्या दिवशी वीज गेली नाही, त्यामुळे बैठक जरा निरुत्साही होती. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. ते आरामखुर्चीतून उठले नाहीत, पण मोटर अडली तेव्हा बटण त्यांनीच बंद केलं. व्याह्यांनी वाटी संपवली, चमचा चाटला आणि म्हणाले, “फर्स्ट क्लास. केलं कोणी?” काकांनी पंचा सावरला, घसा साफ केला.

त्यांचं तोंड उघडायच्या आत आतून काकी म्हणाली, “मोटरीन.”